पालक म्हणून कोणाला बोलवायचं

बी.एड.ला प्रवेश मिळाला तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते आणि माझा मुलगा नववीत होता. बारावी झाली तसं माझं लग्न झालं. बी.ए. केलं ते घरबसल्या, मुक्त विद्यापीठातून, तेही मध्ये दोनदा सोडून. आमचं घर पेणजवळ, हमरापूरच्या बाजूला. तिकडे दारोदारी गणपतीचे कारखाने. लग्न झाल्यापासून मी एका कारखान्यात आखणी करायला जायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायचे. काम चांगलं होतं, पण शाळेत शिकवायचं माझ्या डोक्यात पहिल्यापासून होतं. ते कोणाला बोलून दाखवायची मला लाज वाटायची. नवऱ्याला मात्र कळलं होतं. त्यानेच चौकशी केली, त्यानेच माझ्यासोबत रोह्याला येऊन पैसे भरले.

पेण ते रोहा रोज जाऊन-येऊन करता येईल असं आधी वाटलं होतं. पण पाठ घ्यायच्या शाळा सकाळी सातला भरायच्या, आणि एसटीचा काही भरवसा नव्हता. म्हणून सोमवार ते शनिवार कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात राहायचं ठरलं. सासूबाई घरी होत्या, त्यांनी मुलाचं बघायचं कबूल केलं.

वसतिगृहात सगळ्या मुली बावीस-तेवीसच्या. त्या मला काकू म्हणायच्या. रेक्टर मॅडमही माझ्याहून लहान, तिशीच्या आतबाहेर, त्या ताई म्हणायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला बसवून नियम वाचून दाखवले. पाणी तापवायची कॉइल, इस्त्री, शेगडी खोलीत ठेवायची नाही. पुरुष पाहुणा, मग तो बाप असो की भाऊ, खालच्या भेटीच्या खोलीच्या पुढे येणार नाही. खोल्यांची तपासणी न सांगता होईल. दार वाजवूनही उघडलं नाही तर रेक्टर दुसऱ्या एका व्यक्तीला सोबत घेऊन दुसऱ्या चावीने दार उघडतील. नियम मोडेल तिच्या पालकांना बोलावून समज देण्यात येईल. आम्ही सगळ्यांनी खाली सह्या केल्या. पालकाच्या रकान्यात काय लिहू असं मी क्लार्कबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "लग्न झालंय ना? मिस्टरांचं नाव लिहा."

मला ते नियम जाचक वाटले नाहीत. खरं सांगायचं तर मी तिथे सुखात होते. एक खाट, एक टेबल आणि माझ्या पर्समध्ये एक चावी. माझी रूममेट शांत मुलगी होती. संध्याकाळी मी टेबलावर पाठाचं टाचण काढत बसायचे आणि कोणी मला हाक मारायचं नाही.

श्रावणातली गोष्ट. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. कुंडलिकेचं पाणी चढलं म्हणून कॉलेजला सुट्टी दिली होती. माझी रूममेट आधीच घरी गेली होती. दुपारी वॉचमनने खालून हाक मारली, "ताई, तुमचे मालक आलेत. पार भिजलेत."

माझा नवरा नागोठण्याजवळच्या एका कंपनीत कंत्राटावर होता. त्याची रात्रपाळी संपली तेव्हा सकाळची माणसं पाण्यामुळे आलीच नव्हती, म्हणून त्याने पुढची शिफ्टही अर्धी ओढली. सुटला तेव्हा नागोठण्याच्या बाजारात पाणी शिरलं होतं, पेणकडे जायला वाट नव्हती. कंपनीतला एक जण रोह्याचा होता. त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून हा भिसे खिंडीतून इकडे आला होता. दारात उभा होता तर अंगातून पाणी निथळत होतं आणि दात वाजत होते. मी हात लावला तर अंग तापलेलं.

"अहो, अशा पावसात यायचं का?"

"मग जाऊ कुठे?" तो म्हणाला. "जरा कपडे सुकव. गाडी सुरू झाली की जातो."

भेटीच्या खोलीत छत गळत होतं. खुर्च्या एका कोपऱ्यात ढकलून खाली बादल्या मांडल्या होत्या. रेक्टर मॅडम कॉलेजात गेल्या होत्या. वॉचमन दुसरीकडे बघत म्हणाला, "वर जाऊन कपडे बदलून येऊ देत. मी काय बोलत नाय." अर्ध्या तासाचा प्रश्न आहे असं मला वाटलं. मी त्याला वर नेलं. वॉचमनचं नाव मी नंतर कोणाला सांगितलं नाही.

खोलीत पुरुषाला घालण्यासारखं माझ्याकडे काय असणार? मी त्याला टॉवेल दिला आणि माझी चादर दिली. मोठमोठ्या गुलाबांची होती ती चादर. त्याने ती अंगाभोवती गुंडाळली, मी त्याची पँट-शर्ट पिळून पंख्याखाली खुर्चीवर पसरले, आणि मागे वळून बघते तर हा खाटेवर आडवा होऊन घोरायलाही लागला होता. त्याला काहीतरी गरम पाजावं म्हणून मी मेसमध्ये निघाले. मुली दार न वाजवता आत यायच्या, "काकू, साखर आहे का" करत. कोणी आत शिरायला नको म्हणून मी बाहेरून कुलूप लावलं.

मेसच्या मावशींनी दूध तापायला ठेवलं होतं. त्या म्हणाल्या थांब जरा, तर मी थांबले. आलं किसलं, त्यांच्याशी पाण्याच्या गप्पा मारल्या. त्या वेळात काय झालं ते मला नंतर कळलं. वायरिंगमध्ये पाणी जाऊन तळमजल्यावरच्या एका बोर्डातून ठिणग्या उडाल्या होत्या. कॉलेजातून परत आलेल्या मॅडमना वाटलं, आज सुट्टीमुळे बहुतेक मुली वसतिगृहातच आहेत, कॉइली लपवल्या असतील त्या आजच काढून घेऊ. मुलींच्या प्रतिनिधीला बरोबर घेऊन त्यांनी तपासणी सुरू केली.

मी चहाचा पेला घेऊन जिना चढत होते तेव्हा वरून किंकाळी ऐकू आली. पाठोपाठ हसणं. माझ्या मजल्यावर आले तर पॅसेजमध्ये मुलींची गर्दी, आणि माझं दार सताड उघडं. कडीला कुलूप लटकत होतं, त्यात दुसरी चावी.

आत माझा नवरा खाटेवर उठून बसला होता. गुलाबांची चादर त्याने गळ्यापर्यंत ओढून धरली होती. झोपेतून उठलेला, डोळे तापाने लाल. तो सगळ्यांना एकच सांगत होता, "मी हिचा नवरा. मी हिचा नवरा आहे." हिचा म्हणजे कोणाचा, ते दाखवायला मी येईपर्यंत तिथे कोणी नव्हतं.

मॅडमनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मला बघून म्हणाल्या, "ताई, हे काय?"

मी म्हणाले, "त्यांना ताप आहे." मागे कोणीतरी पुन्हा हसलं. हातातला पेला चटके देत होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

दार लावून त्याला कपडे घालायला सांगितलं. कपडे ओलेच होते. बाहेर पडला तेव्हा बूट हातात होते. मॅडमनी मला थांबवून घेतलं, त्यामुळे तो एकटाच गेला. जिन्याच्या दोन्ही बाजूंना मुली उभ्या. तो मान खाली घालून प्रत्येकीला "सॉरी हां, सॉरी" म्हणत उतरत होता. त्यातल्या काही तर त्याच्या भाचीच्या वयाच्या. चहा माझ्याच हातात राहिला. संध्याकाळी गाड्या सुरू होईपर्यंत तो रोह्याच्या स्टेशनवर बाकावर बसून होता, हे त्याने मला फोनवर सांगितलं. आवाजात राग नव्हता. म्हणाला, "तुला त्रास झाला माझ्यामुळे." तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये मला उभं केलं. उभं केलं म्हणजे त्यांनी बसा म्हटलं होतं, मीच बसले नाही. प्राचार्य सर सभ्य माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही. नियमाप्रमाणे पालकांना बोलावून त्यांच्याकडून लिहून घ्यावं लागेल, असं म्हणाले आणि क्लार्कबाईंकडे बघितलं.

क्लार्कबाईंनी माझा फॉर्म काढला. तो वाचला. मग अगदी साधेपणाने विचारलं, "सर, पालक म्हणून यांच्या मिस्टरांचं नाव आहे. मग समज द्यायला त्यांनाच बोलवायचं का?"

कोणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढून पुसला.

"माहेरचं कोणी आहे?"

"सर, मी स्वतः लिहून देते ना," मी म्हणाले. "माझं वय छत्तीस आहे. माझा मुलगा पुढच्या वर्षी दहावीला बसेल."

"ते मला कळतंय हो. पण तुम्हाला एक आणि बाकीच्यांना एक केलं, तर उद्या प्रत्येक मुलगी म्हणेल माझे होणारे मिस्टर होते. मी काय उत्तर देऊ? माहेरचं कोण आहे सांगा."

माहेरी फक्त बाबा. गागोद्याच्या पुढे आतल्या बाजूला आमचं गाव. भाताची शेती, भात काढल्यावर वाल. आई जाऊन बरीच वर्षं झाली, मला भाऊ नाही. बाबांचा फोन बंद लागला, गावात वीज नव्हती. मग शेजारच्या घरचा नंबर मीच दिला. शेजारच्या सुनेने फोन घेतला. क्लार्कबाई कामाच्या घाईत होत्या. "त्यांच्या मुलीच्या खोलीत माणूस सापडलाय," त्या म्हणाल्या. "प्राचार्यांनी बोलावलंय, उद्या यायला सांगा." आणि फोन ठेवला.

मी तिथेच होते. "माणूस" हा शब्द मी ऐकला. पण नवरा म्हणा, नवरा म्हणा, असं ओरडायचं कसं? मनात म्हटलं, संध्याकाळी मीच फोन करते. संध्याकाळी कोणाचाच फोन लागला नाही. वीज नाही म्हणून टॉवरही बंद पडला असणार. मग मी स्वतःची समजूत घातली, की बाबांना काय ते कळलंच असेल, माझ्या खोलीत दुसरं कोण असणार?

दुसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना शिपाई मला बोलवायला आला. केबिनमध्ये बाबा आधीच येऊन बसले होते. लग्नाला घालायचा पांढरा सदरा, टोपी, आणि पायात चिखलाने भरलेल्या चपला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी शेजारी जाऊन उभी राहिले तरी मान वर केली नाही. मला वाटलं, साहेबाच्या केबिनमध्ये बसायची सवय नाही, बुजलेत.

सर म्हणाले, "आजोबा, झाला प्रकार तुमच्या कानावर आलाच आहे. मला जास्त बोलायचं नाही. पुन्हा असं होणार नाही, एवढं लिहून द्या."

बाबांनी हात जोडले. "साहेब, तिला काढू नका. शिकू दे तिला. ती लहानपणापास्नं अशी नव्हती. आई गेली तिची, घरात बाईमाणूस नाय, माझंच काय चुकलं असल."

"नाही नाही, काढायचा प्रश्नच नाही," सर म्हणाले.

"मी समजावतो तिला. फक्त एक करा माझ्यासाठी." बाबांचा आवाज खाली गेला. "जावयांना कळवू नका. माणूस लय चांगला हाय. त्यांना कळलं तर तिचं घर मोडंल. मी पाया पडतो तुमच्या."

आणि ते खरंच खुर्चीतून उठायला लागले.

मला पहिल्यांदा काही समजलंच नाही. समजलं तेव्हा कानात गरम काहीतरी ओतल्यासारखं झालं. क्लार्कबाईंचा हात कागदावर होता तसाच राहिला. सर अर्धवट उठले होते, बाबांचे हात धरायला. शेवटी रेक्टर मॅडम बोलल्या.

"आजोबा, जावईच होते ते."

"कोण?"

"खोलीत. यांचे मिस्टरच होते. पावसात अडकले म्हणून आले होते."

बाबांनी तेव्हा माझ्याकडे बघितलं. "आपले?"

"हो बाबा."

ते परत खुर्चीत बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, मग उचलून पुन्हा डोक्यावर घातली.

"मंग मला कशाला बोलवलंत?" त्यांनी सरांना विचारलं. त्यात राग नव्हता. खरंच त्यांना कळत नव्हतं.

सर म्हणाले, "म्हणजे, पालक म्हणून…"

तरीसुद्धा कागद पुढे आला आणि बाबांनी सही केली. ते एकेक अक्षर सुटं काढतात. आम्ही सगळे उभे राहून ती सही पूर्ण व्हायची वाट बघत होतो.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले. पाऊस थांबला होता. स्टँडवर मी म्हणाले, "बाबा, चहा घ्या. वडापाव आणू?" ते नको म्हणाले. सकाळी पहिल्या गाडीने निघालेला माणूस, पोटात काही नसणार. मी तरी आणला. त्यांनी तो हातात धरून ठेवला.

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "बाबा, तुम्हाला खरं वाटलं?"

ते समोरच्या गाड्यांकडे बघत होते. पेणची गाडी अजून लागली नव्हती.

"व्हय गो," ते म्हणाले.

त्यांनी खोटं बोलायला हवं होतं असं मला वाटलं. नाय गो, असं म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता.

"कॉलेजातनं फोन आला," ते म्हणाले. "शिकलेली माणसं खोटं कशाला सांगतील? आणि तू एकटी राहतेस इकडं. मी म्हटलं, बदलली असल."

"मग आलात कशाला?"

"म्हंजे?" त्यांनी आता माझ्याकडे बघितलं. "काढली असती तुला, तर कुठं गेली असतीस?"

मी तोंडावर पदर धरला. शेजारी एक बाई टोपली घेऊन बसली होती, ती सरकून बसली. मला रडू का येत होतं ते तेव्हा सांगता आलं नसतं. माझ्या बापाने माझ्याबद्दल तसं मानलं, याची लाज होती. आणि तसं मानूनही तो धुतलेला सदरा घालून माझी बाजू घ्यायला आला, याची तर त्याहून जास्त. त्यांनाही माझ्याकडे बघवत नव्हतं. त्यांच्या मनात काय आलं होतं ते आता मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांना.

गाडी लागली. चढताना ते म्हणाले, "मी काय बोललो ते जावयांना सांगू नको."

"नाही सांगणार."

"कधीच नको."

त्या आठवड्यात रेक्टर मॅडम माझ्या खोलीवर आल्या. दार वाजवलं आणि मी या म्हणेपर्यंत बाहेर उभ्या राहिल्या. रूममेटच्या खाटेवर बसल्या. बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत होत्या.

"ताई, मी तीनदा दार वाजवलं होतं," त्या म्हणाल्या. "बाहेरून कुलूप होतं तरीही. आत कोणी असेल असं वाटलंच नाही. बोर्डातून ठिणग्या उडत होत्या, मला भीती वाटली. मी काय करायला हवं होतं?"

मी विचार केला. मुलींची जबाबदारी त्यांच्यावर होती. आत कॉइल लावलेली राहिली असती आणि आग लागली असती तर लोकांनी त्यांनाच धरलं असतं. "तुमचं काही चुकलं नाही," मी म्हणाले. मग विचारलं, "पण त्यांना झाकून घ्यायला तरी एक मिनिट मिळायला हवं होतं ना? मुलींना मागे थांबवता आलं असतं."

त्या हो म्हणाल्या. त्यानंतर तपासणीला आल्या की मुलींना आधी पॅसेजच्या टोकाला पाठवायच्या, आणि दार थोडं उघडून आत हाक मारून मगच ढकलायच्या. लग्न झालेल्या मुलींसाठी पालकाच्या रकान्याखाली आणखी एक नाव लिहायची ओळही आली. ती ओळ बघितली की मला बाबांचे चिखलाचे पाय दिसायचे.

मुली काही दिवस मला काकू म्हणायच्या थांबल्या होत्या. जेवताना मी गेले की टेबलावरचं बोलणं बंद व्हायचं. गुलाबांच्या चादरीवरून एक शब्द तयार झाला होता, तो मी दोनदा ऐकला. मी ती चादर घरी नेऊन सासूबाईंच्या अंथरुणाखाली घालून टाकली. पुढे परीक्षा जवळ आली तशा त्याच मुली टाचणं बघायला माझ्याकडे यायला लागल्या आणि मी पुन्हा काकू झाले.

नवरा मात्र पुन्हा कधी रोह्याला आला नाही. निकालाच्या दिवशी आला, तोही फाटकाच्या पलीकडे रस्त्यावर उभा राहिला. आत या म्हटलं तर म्हणाला, "नको, इथेच बरंय." वॉचमनने त्याला ओळखून हात केला तर याने दुसरीकडे बघितलं.

आता मी पेणच्या एका शाळेत शिकवते. आखणीचं काम सुटलं. माहेरच्या गावात मात्र ते प्रकरण संपलेलं नाही. शेजारच्या सुनेने फोनवर जे ऐकलं होतं तेच गावभर झालं. नंतर बाबांनी घरोघरी सांगितलं, जावईच होते, जावईच होते. पण बाप असं सांगतोय म्हटल्यावर लोकांना पहिलंच खरं वाटलं. हळदीकुंकवाला गेले की बायका माझी जरा जास्तच चौकशी करतात. कॉलेज कसं होतं, एकटीच राहायचीस ना, असं.

मागच्या थंडीत बाबांनी आम्हाला पोपटीला बोलावलं. शेतातच मडकं लावलं होतं. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला. मडकं उपडं केलं तसे बाबा उठले आणि आपली बसायची गोणी त्यांनी माझ्या नवऱ्याखाली सरकवली. पहिलं पान त्याला दिलं. अंडी सोलून दिली. तो संकोचून "अहो, तुम्ही बसा" म्हणत राहिला, पण बाबा बसले नाहीत. त्याचं होईपर्यंत पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभेच होते.

बाबा लाकडं आणायला गेले तेव्हा नवरा हळूच मला म्हणाला, "तुझे बाबा हल्ली मला फार मान देतात, नाही? आधी असे नव्हते."

"वय झालं की माणूस बदलतो," मी म्हणाले, आणि शेंगा सोलायला घेतल्या.